साथीची भीती आणि यात्रेवर जगणारा माणूस

(एकलहरे येथे कामगार-कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



2020 साली टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा वीज ही अत्यावश्यक सेवा ठरली. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रातील श्रमाला त्यामुळे निदान कागदोपत्री तरी मान मिळाला. परंतु येथून जवळच, रामकुंडावर फुले विकणारी बाई, पंचवटीतील रिक्षावाला, खानावळीत भांडी घासणारा पोर यांचे श्रम कोणत्याच यादीत नव्हते. शिर्डीचे मंदिर 17 मार्चला बंद झाले ते 16 नोव्हेंबरला उघडले. या आठ महिन्यांत देवाची पूजा चालू राहिली. यात्रेकरूंवर जगणाऱ्यांची चूल मात्र विझली.

साथीत प्रवासाची भीती वाटणे हा काही मनाचा दुबळेपणा नव्हे. ती भीती रास्तच असते. प्रश्न एवढाच, की तिची किंमत कोणी मोजावी? ज्याच्या गाठीशी पैसा आहे तो यात्रा पुढे ढकलतो. ज्याचे पोट त्या यात्रेवर आहे त्याला भूक पुढे ढकलता येत नाही.

ही भीती जाहिरातीने जात नाही. 1994 च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला आणि लक्षावधी लोक शहर सोडून पळाले. परदेशांनी भारताची विमाने रोखली, पर्यटकांनी बेत रद्द केले. सुरतेची पत सावरली ती 1995 पासून एस. आर. राव हे आयुक्त असताना झालेल्या सफाईने आणि आरोग्यव्यवस्थेच्या फेररचनेने. विश्वास हा गटारे उपसून मिळवावा लागतो, हा त्याचा धडा.

आता कायद्याकडे पाहा. प्लेगच्या काळात इंग्रजांनी केलेला 1897 चा साथरोग कायदा 2020 मध्येही सरकारच्या हाती होता. प्रवाशाला तपासण्याचा, अडवण्याचा अधिकार तो देतो. अडवल्यामुळे ज्याची रोजी बुडते त्याला पोसण्याची जबाबदारी मात्र कोणावरच टाकीत नाही.

याच महाराष्ट्राने 1969 साली माथाडी कायदा करून विखुरलेल्या हमालांना मंडळाचा आधार दिला. यात्रास्थळांवरील श्रमिकांसाठी तसेच मंडळ का असू नये? त्यांची नोंदणी व्हावी, यात्रेच्या उत्पन्नातून निधी उभा राहावा आणि साथीत यात्रा थांबली तर त्यातून निर्वाहभत्ता मिळावा. सिंहस्थाचे घाट बांधताना सरकारला हा प्रश्न विचारलाच पाहिजे. तो विचारण्याचे काम संघटित कामगाराचे आहे, कारण असंघटिताचा आवाज मंत्रालयापर्यंत पोहोचत नाही.