तर्कशास्त्राची पहिली पायरी
गोवा शासनाच्या 'केअर्स' योजनेमुळे पेडणे-डिचोलीतील मुलांना सहावीपासूनच संगणकाच्या आज्ञावलीची ओळख होते. परंतु पदवीवर्गात तर्कशास्त्र, म्हणजे विधानांची सत्यासत्यता पारखण्याचे शास्त्र, समोर आले की नवा विद्यार्थी हमखास अडखळतो तो सशर्त विधानापाशी. 'पाऊस पडला, तर तेरेखोल नदी फुगते' हे विधान, पाऊस पडूनही नदी फुगली नाही, तेवढ्या एकाच स्थितीत असत्य ठरते. पाऊसच नसेल, तर नदी फुगो वा न फुगो, ते सत्यच मानतात, आणि व्यवहारबुद्धीला खटकणारा हा संकेत सत्यतासारणीच्या, म्हणजे सर्व शक्यतांच्या तक्त्याच्या, चारही ओळी स्वतः भरल्यावरच पटतो. 'दोन्ही विधाने खरी' याचा नकार 'किमान एक खोटे' असा होतो, हा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते ऑगस्टस डी मॉर्गन 1806 मध्ये मदुराईत जन्मले, हेही विद्यार्थ्यांना आवर्जून सांगायला हवे.