फुफीलाही विचारा



रजोनिवृत्तीवर बोलायला सॉफ्टवेअर इंजिनिअर कशाला, असं काहींना वाटलं असेल. कारण घरातलंच आहे. अम्मीची पाळी एकेचाळिसाव्या वर्षी गेली, हे मला चौतिसाव्या वर्षी कळलं. तेही डॉक्टरांनी विचारलं म्हणून. अम्मी म्हणाली, "त्यात सांगण्यासारखं काय होतं?"

होतं. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख बीजं असतात. नंतर ती कमीच होत जातात आणि साठा संपत आला की पाळी थांबते. कोणाची लवकर, कोणाची उशिरा, यातला साधारण निम्मा फरक आनुवंशिक असतो, असं जुळ्या बहिणींच्या अभ्यासांतून दिसलं आहे.

हे एकच जनुक ठरवत नाही. २०२१ साली 'नेचर'मध्ये सुमारे दोन लाख स्त्रियांचा अभ्यास आला, त्यात जनुकसंचातल्या २९० जागा सापडल्या. यातली बरीच जनुकं डीएनएची मोडतोड शोधणारी, दुरुस्त करणारी. आमच्या भाषेत, बग पकडणारी! 'चेक२' हे जनुक खराब बीजं बाद करायला लावतं. ते निकामी असेल तर पाळी सरासरी साडेतीन वर्षं उशिरा जाते. मात्र स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. अभ्यासातल्या स्त्रिया युरोपीय वंशाच्या होत्या, त्यामुळे हे आकडे आपल्याला जसेच्या तसे लावू नका.

आपण फक्त आईकडे बघतो, ही चूक आहे. निम्मी जनुकं अब्बांकडून येतात. 'एफएमआर१' जनुकातला एक बदल बापात असला तर तो त्याच्या प्रत्येक मुलीला मिळतो, आणि तो असलेल्या साधारण पाचांतल्या एकीची अंडाशयं चाळिशीआधीच थकतात. अब्बांना पत्ताही नसतो.

म्हणून फुफीलाही विचारा. गर्भपिशवी काढलेली असेल तर ते वय धरू नका. सिगारेटमुळेही पाळी वर्ष-दोन वर्षं आधी जाते. पंचेचाळिशीच्या आत गेली तर डॉक्टरांना दाखवा, कारण हाडं आणि हृदय दोन्हींचा प्रश्न असतो. आणि भावांनो, रिश्ता बघताना विचारायचा हा नवा सवाल करू नका. आधीचेच पुष्कळ आहेत.

मी विचारलं. फुफी: सत्तेचाळीस. खालाची गर्भपिशवी पस्तिशीतच काढलेली. अम्मी: एकेचाळीस. तीन ओळी फोनमध्ये लिहून ठेवल्या आहेत. धाकट्या बहिणीलाही पाठवल्या.