पानातली किल्ली



पसरणीचा घाट चढून तुम्ही सगळे या संमेलनाला आलात. स्वागत समितीच्या वतीने पाचगणीत तुमचं मनापासून स्वागत करतो.

हे निवासी शाळांचं गाव. शाळा उघडल्या की इथे ट्रंका उतरतात, आणि निरोपाच्या वेळी मुलांपेक्षा आईवडिलांचेच डोळे जास्त भरून येतात. असेच एक वडील मी शेजारच्या भिलारमध्ये पाहिले. ४ मे २०१७पासून भिलार ‘पुस्तकांचं गाव’ आहे; तिथल्या अनेक घरांत वाचकांसाठी पुस्तकं मांडलेली असतात. लेकीला वसतिगृहात सोडून आलेले हे गृहस्थ एका ओसरीवर ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’ घेऊन बसले होते. जेवायला हाक आली, तेव्हा त्यांनी गाडीची किल्ली खूण म्हणून पानात घातली. जेवून परत तिथेच. घाट उतरायचा होता, ऊन कलत होतं, पण किल्ली काही खिशात जाईना.

मोठ्या माणसाला हे पुस्तक इतकं का धरून ठेवतं? नुसतं रहस्य हवं असेल तर मोठ्यांसाठीच्या रहस्यकथा ढिगाने आहेत. भा. रा. भागवतांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे फुरसुंगीचा, हडकुळा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा. हाताशी सायकल, चौकस नजर आणि तोंडी ते ‘टॉक्’! ना हुद्दा, ना ओळखीपाळखी. मुलांच्या साहसकथेत पोराला काहीतरी दिसतं आणि मोठी माणसं बहुधा त्याला उडवून लावतात. लहान वाचकाला त्या मोठ्यांचा राग येतो. चाळिशीच्या वाचकाला मात्र तिथे स्वतःचाच आवाज ऐकू येतो: ‘नसत्या चौकशा नकोत, अभ्यासाला बस.’ एकाच पानावर तो फेणेबरोबर धावतही असतो आणि फेणेला अडवणाराही तोच असतो. हा अनुभव मोठ्यांच्या रहस्यकथेत मला तरी मिळालेला नाही.

२०१७च्या ‘फास्टर फेणे’ चित्रपटात अमेय वाघचा फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षा देणारा तरुण झाला. मी तो आवडीने पाहिला. तरीही माझं ठाम मत आहे की मोठ्यांसाठी म्हणून फेणेला मोठं करायची गरज नाही. १९१०मध्ये जन्मलेल्या भागवतांनी ‘बालमित्र’ मासिक चालवलं, ज्यूल व्हर्न मराठीत आणला. पण मुलांसाठी लिहिताना ते कधी बोबडं बोलले नाहीत. मुलाला दिसलेली गोष्ट खरी असू शकते, हे त्यांनी मनापासून मानलं. म्हणून त्यांच्या पुस्तकात मोठा वाचकही अवघडत नाही.

दुपारच्या सत्रानंतर भिलारला जायला गाड्या ठेवल्या आहेत. मुलांनो, आईबाबांना बरोबर घ्या. त्यांच्यासाठी पुस्तक मात्र तुम्ही निवडायचं, आणि गाडीची किल्ली त्यांच्याकडून आधीच मागून घ्यायची.