आधी श्वास, मग कॅमेरा

(उदगीर येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



२०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या जिल्ह्यात पाण्याखालच्या छायाचित्रणावर व्याख्यान ठेवायचं म्हणजे संयोजकांचं धाडसच. पण विषय उगाच निवडलेला नाही. इथली कितीतरी पोरं लग्नाच्या शूटिंगवर घर चालवतात. हातात बरा कॅमेरा आहे, एडिटिंग येतं, आणि विहिरीत सूर मारतच ती मोठी झाली आहेत. त्यांच्यातल्या कुणाला या धंद्यात शिरायचं असेल, तर आधी काय शिकावं आणि नंतर काय घ्यावं, एवढंच आज सांगतो. माझं म्हणणं थोडक्यात असं, की या कामात कॅमेरा सगळ्यात शेवटी येतो.

पडद्यावर दिसणारं पाणी पुष्कळदा समुद्राचं नसतंच. बरंचसं काम तरणतलावात आणि टाकीत होतं. काही वेळा तर थेंबभर पाणीही नसतं. ‘द शेप ऑफ वॉटर’ या २०१७ च्या चित्रपटाच्या सुरुवातीला अख्खं घर पाण्यात बुडालेलं दिसतं. ते कोरड्या सेटवर घेतलंय: खोलीत धूर, वस्तू तारांना टांगलेल्या आणि वरून लाटांसारखा हलणारा प्रकाश. धंद्यात याला ‘ड्राय फॉर वेट’ म्हणतात. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी १९१९ साली ‘कालियामर्दन’ काढला, मुलगी मंदाकिनीला कृष्ण केलं आणि डोहातली झुंज पडद्यावर उभी केली. तेव्हा समुद्र लांब आहे म्हणून अडून बसू नका. धूर आणि दिवे यांचा सराव उदगीरच्या एखाद्या रिकाम्या गोदामातही होतो.

खऱ्या पाण्यात उतरायचं, तर पहिला धडा श्वासाचा. जमिनीवर हातात कॅमेरा धरून स्थिर शॉट घ्यायचा म्हटलं की आपण नकळत श्वास रोखतो. हीच सवय स्कूबात, म्हणजे पाठीवरच्या टाकीतली हवा घेत पाण्याखाली वावरताना, जिवावर बेतते. दहा मीटर खोलीवर पाण्याच्या पृष्ठभागापेक्षा दुप्पट दाब असतो. तिथे टाकीतली हवा छातीत भरून घेतली आणि श्वास रोखून वर आलात, तर तीच हवा फुगून दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुस फाटू शकतं. म्हणून श्वास सतत चालू ठेवायचा आणि वर सावकाश यायचं. कॅमेरा हातात असतानाही हे आपसूक झालं पाहिजे.

त्यासाठी रीतसर कोर्स करा. राज्याच्या पर्यटन महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था मालवणजवळ तारकर्लीला आहे. पर्यटकाला हाताला धरून दहा-वीस मिनिटं मासे दाखवून आणतात, ते शिक्षण नव्हे. पहिला ‘ओपन वॉटर’ कोर्स अठरा मीटरपर्यंतची मुभा देतो. तो झाल्यावरही बरेच दिवस कॅमेऱ्याशिवाय उतरा. पाय न मारता, तळाचा गाळ न उडवता एका जागी तरंगता आलं, की मग कॅमेरा मागा.

विहिरीत सराव करणाऱ्यांसाठी चार गोष्टी. मोटारीचा स्टार्टर नुसता बंद करू नका, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा. काठावर चांगला पोहणारा माणूस हवा, आणि त्याच्या हातात मोबाइल नको, दोर हवा. दम वाढावा म्हणून जोरजोरात श्वास घेऊन बुडी मारू नका. त्यानं श्वास घ्यावासा वाटणं लांबतं आणि माणूस पाण्यातच बेशुद्ध होतो. जुन्या, झाकलेल्या, पाणी तळाला गेलेल्या विहिरीत तर उतरूच नका. तिथली हवाच विषारी असू शकते.

दुसरा धडा उजेडाचा. पाणी लाल रंग सर्वांत आधी गिळतं. नवरीचा लालभडक शालू पाच-सहा मीटरवर काळपट दिसायला लागतो. त्याला इलाज दोनच: जवळ जा आणि स्वतःचा दिवा न्या. दिवा भिंगाला लागून ठेवलात, तर गाळाचा कण न् कण चमकतो आणि चेहऱ्यावर बर्फ पडल्यासारखं दिसतं. म्हणून दिवे लांब दांड्यांवर, दोन्ही बाजूंना तिरके लावायचे. जवळून सगळं मावावं म्हणून भिंग वाइड घ्यायचं आणि त्यापुढे घुमटासारखी काच. सपाट काचेतून वस्तू एक तृतीयांशानं मोठी दिसते आणि चौकट आक्रसते.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. त्याची जलरोधक पेटी, म्हणजे हाउसिंग, एका रबरी कड्याच्या भरवशावर असते. त्याला ओ-रिंग म्हणतात. ती काढायची, उजेडात बोटांमधून फिरवायची, खाच पुसायची, अगदी थोडं ग्रीस लावायचं आणि पुन्हा बसवायची. डोक्याचा एक केस आत अडकला तरी पाणी शिरतं. हे काम रात्री, निवांत करावं. सकाळी युनिट ओरडत असताना करू नये. रिकामी पेटी आधी बुडवून बघायची, मगच कॅमेरा आत ठेवायचा.

आणि तिसरा धडा हिशोबाचा. लग्नाची ऑर्डर घेताना तुम्ही बयाणा घेता. मग सिनेमावाला म्हटलं की लाजता का? कॅमेरामनची फी आणि सामानाचं भाडं वेगळं लिहा. सामान बुडालं तर भरपाई कोणाची, ते लिहून घ्या. आपल्या कायद्यानं चित्रपटाचा कर्ता निर्माता ठरतो. तेव्हा तुमचा शॉट तुमच्या शोरीलमध्ये वापरायची परवानगी करारातच मागा. लागोपाठच्या बुड्यांनंतर निदान अठरा तास विमानात बसायचं नसतं. तेवढा मुक्कामही वेळापत्रकात आणि बिलात धरा. नुसत्या सिनेमावर विसंबू नका. धरणाच्या दारांची पाहणी, बंदरांची कामं, प्रवाळांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ, या सगळ्यांना पाण्याखालचं स्वच्छ चित्रण लागतं.

शेवटचं सांगतो. ज्या शूटिंगला फक्त तुमच्यावर नजर ठेवणारा सेफ्टी डायव्हर नाही, त्याला नकार द्या, मग बॅनर कितीही मोठा असो. त्या दिवशी ऑर्डर जाईल, निर्माता नाराज होईल. पण नकार देणाऱ्याचं नाव या धंद्यात लक्षात राहतं, आणि अवघड काम निघालं की फोन त्यालाच येतो.