खुरप्याची मूठ आणि पीएच.डी.ची मुदत

(बोरी, ता. जिंतूर, जि. परभणी येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



मी इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शाखेला शिकवते. विद्यापीठातल्या संशोधनाशी बोरीच्या बायांचा काय संबंध, असं कुणाच्या तरी मनात आलं असेल. हा संबंध तुमच्या हातातल्या खुरप्याइतका जवळचा आहे.

खुरपण, कापसाची वेचणी ही कामं बहुतेक बायाच करतात. पण अवजाराची मूठ, दांड्याची उंची, लागणारा जोर हे सगळं वर्षानुवर्षं पुरुषाच्या अंगमापानं ठरलं. शेतात राबणाऱ्या बायाबाप्यांची 79 शरीरमापं आणि त्यांची ताकद देशभर मोजून भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेनं 2009 साली प्रसिद्ध केली. इतकी वर्षं हा प्रश्नच कुणाला पडला नव्हता, कारण प्रश्न ठरवणाऱ्यांत खुरपणारी नव्हती आणि बाई इंजिनिअरही क्वचितच होती.

देशातल्या पहिल्या मेकॅनिकल इंजिनिअर बाई, इला मजुमदार, 1951 साली बंगाल इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडल्या. पुढे त्या शिक्षिका झाल्या. पुण्यात फक्त मुलींसाठी इंजिनिअरिंग कॉलेज निघायला 1991 साल उजाडलं. 2024 पासून महाराष्ट्र शासनानं ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या अनेक मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली. मुली वर्गात येतील. त्यांतल्या किती जणी संशोधनापर्यंत पोचतील?

2019 च्या नियमांनुसार थेट भरतीनं सहयोगी प्राध्यापक व्हायला पीएच.डी., किमान 6 शोधनिबंध आणि 8 वर्षांचा अनुभव लागतो. नियम बाईपुरुषांना सारखाच. पण ही वर्षं नेमकी लग्नाची, बाळंतपणाची, घरातल्या आजारपणाची असतात. इंजिनाची चाचणी मध्येच सोडून घरी जाता येत नाही; बंद पडली की पहिल्यापासून. पुरुष सहकारी रात्री आठपर्यंत प्रयोगशाळेत थांबतो, कारण घरी भाकरी कुणीतरी थापत असते. बाईनं थांबायचं तर ती भाकरी कोण थापणार? मला एका मुलाखतीत विचारलं गेलं, 'मूल लहान आहे, प्रकल्प पुरा कराल ना?' माझ्यामागून गेलेल्या, तेवढंच लहान मूल असलेल्या सहकाऱ्याला कुणी तसं विचारलं नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगानं 2016 साली पीएच.डी. करणाऱ्या बाईला 240 दिवसांची बाळंतपण-बालसंगोपन रजा आणि दोन वर्षांची जादा मुदत दिली. 2022 च्या नियमांत तिला एकूण दहा वर्षांपर्यंत वेळ मिळतो. हा आपला हक्क आहे, तो मागून घ्यायचा. पण घरकाम वाटून घेतलं नाही, तर वाढलेली दोन वर्षंही चुलीपुढेच जातील.

म्हणून मागण्या दोन्ही टोकांनी करू या. कॉलेजांकडे: पाळणाघर, संध्याकाळी सुरक्षित वाहन, आणि मुलाखतीत मुलाबाळांची चौकशी बंद. आपल्या जिल्ह्यात 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे; तिथल्या गृहविज्ञान शाखेनं शेतकरी बायांच्या कष्टांचा अभ्यासही केला आहे. त्यांना आणि इंजिनिअरिंग कॉलेजांना आपण सांगू: नवं अवजार आधी आमच्या हातात द्या, चाचणीच्या दिवसाची मजुरी द्या, आणि काय दुखलं ते आमच्या तोंडून लिहून घ्या.

हे पत्र आजच लिहू. सह्या आणि अंगठे इथूनच घेऊन जाऊ.