मंदावलेली थायरॉईड आणि आपली कुटुंबे
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही डॉक्टर नव्हे. आयुष्यभर खडू हाती धरलेले शिक्षक आहोत. तरीही आरोग्याच्या एका प्रश्नावर चार शब्द बोलावे, अशी मंडळाची आज्ञा झाली. ती शिरोधार्य मानून आम्ही उभे आहोत.

गळ्याच्या पुढील भागी फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड नावाची ग्रंथी असते. तिचा स्राव शरीराच्या व्यवहारांची गती राखतो. तो कमी पडला म्हणजे थकवा येतो, थंडी सोसत नाही, वजन वाढते, बद्धकोष्ठ होते, केस गळतात, विस्मरण होते, मासिक पाळी बिघडते. घरात मात्र या लक्षणांना निराळीच नावे मिळतात. सून आळशी ठरते आणि आजीचे वय झाले, असे म्हटले जाते.

हा विकार दुर्मिळ नाही. मुंबई व गोवा यांसह देशातील आठ शहरांत ५,००० हून अधिक प्रौढांची तपासणी झाली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत हे प्रमाण सुमारे ११ टक्के, म्हणजे नऊ जणांत एक, असे आढळले. आणि त्यांपैकी जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याला आपला आजार ठाऊकच नव्हता!

आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्यास भय नाही, हा समजही अपुरा आहे. शरीराची संरक्षक शक्तीच या ग्रंथीवर उलटते, हे आज एक प्रमुख कारण आहे. हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली या विकाराचे वर्णन केले. पुरुषांपेक्षा स्त्रियांना आणि उतारवयात हा धोका अधिक असतो. आई वा बहिणीस हा विकार असलेल्यांनी, बाळंतिणींनी, बालपणापासून इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींनी, तसेच या ग्रंथीवर शस्त्रक्रिया झालेल्यांनी विशेष जपावे. टीएसएच नावाच्या रक्ततपासणीने निदान होते. नवजात बालकाची तपासणीही टाळू नये. उपचारास विलंब झाल्यास त्याची बुद्धी खुंटते.

आता थोडे स्पष्ट बोलतो. विवाह जुळविताना मुलीची ही गोळी लपविली जाते, हे आपण सर्वच जाणतो. मग ती सासरी चोरून गोळी घेते किंवा सोडून देते. परंतु गर्भाचे पोषण पहिल्या महिन्यांत मातेच्याच स्रावावर अवलंबून असते. त्या काळात गोळीची मात्रा पुष्कळदा वाढवावी लागते. लपविण्याची किंमत अशा रीतीने अजाण बालक मोजते. सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर एक गोळी घ्यावी, अर्धा तास चहा थांबवावा, एवढ्यावर जिचा संसार सुरळीत चालतो, तिच्यात उणे ते काय?

म्हणून वरपित्यांस आमची विनंती आहे की, या कारणास्तव स्थळ नाकारू नये. आणि वधूपित्यांस विनंती की, ते झाकू नये. इतके झाले तरी आजच्या मेळाव्याचे सार्थक होईल.