मुख्याध्यापकांचा रॉक बँड



स्नेहसंमेलनात पाहुण्याने यशाची गुरुकिल्ली सांगावी अशी रीत आहे. माझ्याकडे ती काही नाही. त्याऐवजी एका मुख्याध्यापकांची गोष्ट सांगतो.

त्यांचं नाव मंडावुई युनुपिंगू. गाव यिरकला, ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, आर्न्हेम लँडच्या किनाऱ्यावर. तिथले योलंगू लोक हजारो वर्षांपासूनचे रहिवासी. 1963 साली सरकारने त्यांना न विचारता त्यांची जमीन बॉक्साइटच्या खाणीसाठी देऊन टाकली. तेव्हा योलंगूंनी संसदेकडे अर्ज केला. मजकूर आपल्या भाषेत आणि इंग्रजीत टाइप केला, कागद झाडाच्या सालीवर डकवला आणि भोवती आपली कुळाची चित्रं काढली. आमची जमीन आमची का, याचा पुरावा ती चित्रंच होती. मंडावुई तेव्हा सहा वर्षांचे होते.

ते पुढे शिकले, शिक्षक झाले आणि 1990 मध्ये यिरकलाच्याच शाळेचे मुख्याध्यापक. ऑस्ट्रेलियातले ते पहिले आदिवासी मुख्याध्यापक. शाळा कशी चालवायची, याची कल्पना त्यांनी आपल्या वडीलधाऱ्यांकडून घेतली. खाडीत भरतीचं खारं पाणी आणि नदीचं गोडं पाणी भेटतं, तिथे फेस उठतो. योलंगू ज्ञान आणि गोऱ्यांची विद्या वर्गात तशी भेटली पाहिजे. एकाने दुसऱ्याला बुडवायचं नाही.

त्यांचा रॉक बँडही याच विचाराने बांधला होता. 1986 मध्ये काही योलंगू आणि काही गोरे वादक एकत्र आले आणि ‘योथू यिंडी’ उभा राहिला. एकीकडे इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम. दुसरीकडे बिल्मा, म्हणजे एकमेकींवर वाजवायच्या लाकडी काठ्या, आणि यिडाकी हे फुंकून वाजवायचं वाद्य. वाळवीने आतून पोखरलेलं निलगिरीचं खोड निवडायचं, तोंडाशी मेण लावायचं आणि फुंकायचं. नाकाने श्वास घेताना तोंडाची फुंक तुटू द्यायची नाही. इथल्या तारपा वाजवणाऱ्यांना यातले कष्ट मी काय सांगणार!

या बँडमध्ये सुरुवातीला गुर्रुमुल नावाचा एक जन्मांध मुलगा होता. डावखुरा, उजव्या हाताची गिटार तो उलटी धरून वाजवायचा. पुढे 2008 मध्ये त्याने आपल्या भाषांतल्या गाण्यांचा स्वतःचा अल्बम काढला आणि जगभर नाव मिळवलं.

आता मुख्य गाणं. 1988 मध्ये पंतप्रधान बॉब हॉक यांनी आदिवासींशी तह करण्याचं आश्वासन दिलं. तह काही झाला नाही. त्या मोडलेल्या शब्दावर 1991 मध्ये ‘ट्रीटी’ हे गाणं आलं. सुरुवातीला फारसं चाललं नाही. मग मेलबर्नच्या काही डीजेंनी त्याचं रिमिक्स केलं. बरेचसे इंग्रजी शब्द काढले, गुमाज या योलंगू भाषेतला भाग ठेवला. गाणं देशाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत अकराव्या क्रमांकावर गेलं! ज्या भाषेत गाऊन काय उपयोग असं लोक म्हणाले असते, त्या भाषेवर अख्खा देश नाचला.

पण मित्रांनो, इथे टाळ्या वाजवू नका. काढलेल्या शब्दांतच मागणी होती. लोक नाचले आणि घरी गेले. पुढच्याच वर्षी मंडावुईंना ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ हा मान मिळाला. 2012 मध्ये बँडला तिथल्या संगीतक्षेत्राच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळालं. 2013 मध्ये मूत्रपिंडाच्या विकाराने मंडावुई गेले. देशपातळीवरचा तह आजही झालेला नाही. तुमच्या ठेक्यावर नाचणारा तुमचं म्हणणं ऐकतोच असं नाही, हे कलाकाराने लवकर शिकावं.

मग उरलं काय? बँडच्या नावाने 1990 मध्ये एक प्रतिष्ठान निघालं. 1999 पासून ते गार्मा महोत्सव भरवतं. तिथे पोरं आजोबांबरोबर नाचतात आणि पंतप्रधानही येऊन जमिनीचा, शाळेचा प्रश्न समोरासमोर ऐकतात. गाण्याने मागणी पूर्ण केली नाही. मागणी ज्यांच्यापर्यंत पोचायला हवी, त्यांना गावात आणून बसवलं.

म्हणून प्राचार्यांना एक विनंती करतो आणि रजा घेतो. पुढच्या स्नेहसंमेलनात एक बक्षीस वाढवा, रक्कम माझ्याकडून. घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून शिकलेल्या गाण्याला नव्या वाद्यांची साथ देईल, त्या गटाला ते द्या. अट एकच. ज्यांनी गाणं शिकवलं, त्यांना पहिल्या रांगेत बसवायचं आणि प्रमाणपत्रावर त्यांचं नाव सगळ्यात वर लिहायचं.